ग्वाल्हेर, लाहोर, चीन : पलुसकरांच्या गाण्याचा तीन पिढ्यांचा प्रवास

१/
मुंबई–आग्रा रस्ता नाशिक सोडून पुढे निघाला की ओझरनंतर पिंपळगाव बसवंत लागते. निफाड तालुक्यातील हे बाजाराचे गाव द्राक्षे, टोमॅटो आणि कांद्यासाठी ओळखले जाते. ह्या परिसरातील द्राक्षे आज शीतपेट्यांतून समुद्रापार युरोपात जातात. ह्याच रस्त्याने पुढे जात राहिले तर मालेगाव, धुळे, इंदूर करीत ग्वाल्हेर येते. महाराष्ट्राच्या ख्यालगायनाचा एक मोठा प्रवाह ज्या शहरातून दक्षिणेकडे उतरला, ते हे ग्वाल्हेर.

२/
त्या प्रवाहातील एक तरुण गवई १९५५ साली भारताच्या सांस्कृतिक शिष्टमंडळातून चीनला गेला. दत्तात्रेय विष्णू पलुसकर हे त्यांचे नाव. संगीताच्या जगात ते बापूराव. वय अवघे ३४. त्यांचे बालपण नाशिकला गेले होते. बहुतेक चरित्रपर लेखांत ह्या दौऱ्याला एकच ओळ मिळते. परंतु ती ओळ लिहिली जावी म्हणून तीन पिढ्यांनी वाट तुडवली होती. एक पिढी पायी चालली, दुसरी आगगाडीने फिरली आणि तिसरी विमानांच्या काळात देशाबाहेर पडली.

३/
आरंभ पायपिटीचा आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) हे दक्षिण महाराष्ट्रातले. गाणे शिकायचे तर उत्तरेला जाण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण ख्यालाची विद्या तेथील दरबारांच्या आश्रयाने राहत होती. धारला देवजीबुवांकडे आणि पुढे ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशी ह्यांच्याकडे त्यांनी विद्या मिळवली. वासुदेवबुवा हे हद्दू-हस्सू खाँ ह्यांच्या तालमीतले. शिंद्यांच्या राज्यात मराठी माणसांची वस्ती होती, म्हणून ग्वाल्हेर हे परके असूनही ओळखीचे गाव होते.

४/
त्या काळी विद्यार्थ्याने गुरूकडे जायचे म्हणजे घर सोडायचे, पाणी भरायचे, स्वयंपाक करायचा, आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा चार स्वर पदरात पाडून घ्यायचे. बाळकृष्णबुवांनी हे सारे केले आणि ग्वाल्हेरची गायकी घेऊन ते परतले. पुढे दम्याच्या विकाराने त्यांना मुंबईची हवा सोसेना, तेव्हा ते मिरजेला आले. गवयाच्या प्रवासाचे पहिले सत्य येथेच दिसते. गवई जेथे जातो तेथे त्याचे वाद्यही आपोआप जाते, कारण ते त्याच्या छातीत आणि गळ्यात असते. हवा बदलली की वाद्य बिघडते.

५/
दुसरी पिढी विष्णू दिगंबर पलुसकरांची. जन्म १८७२, कुरुंदवाड. लहानपणी फटाक्याच्या दारूने डोळ्यांना इजा झाली आणि शालेय शिक्षण खुंटले. मुलाला गाणे शिकवावे असे ठरून त्याची रवानगी मिरजेला बाळकृष्णबुवांकडे झाली. संस्थानाच्या आश्रयाखाली त्यांचे शिक्षण झाले, परंतु दरबारी गवयाचे जिणे त्यांच्या मनाला मानवले नाही. गवयाला विद्येसाठी मान मिळतो, माणूस म्हणून मिळत नाही, ही खंत घेऊन १८९६ साली त्यांनी मिरज सोडले.

६/
ह्यानंतरचा त्यांचा मार्ग बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब असा आहे. ह्याच भ्रमंतीत सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर गायन केले. आज ही गोष्ट किरकोळ वाटते. त्या वेळी ती क्रांतिकारक होती. दरबारात गवई एका धन्यासाठी गातो आणि त्या धन्याची आवड त्याला ठाऊक असते. तिकीट घेऊन बसलेला श्रोता अनोळखी असतो. त्याला ठरलेल्या वेळी गाणे सुरू व्हायला हवे असते, ठरलेल्या वेळी घरी जायचे असते, आणि आवडले नाही तर तो पुन्हा येत नाही.

७/
अनोळखी श्रोत्यांपुढे गाण्याची ही सवय पुढच्या पिढीच्या परदेश दौऱ्यांची खरी पूर्वतयारी होती. समुद्र ओलांडण्याच्या कितीतरी आधी हिंदुस्थानी गाण्याने दरबाराचा उंबरठा ओलांडला होता. तो ओलांडला नसता तर विमानाचे तिकीट हाती पडूनही उपयोग झाला नसता.

८/
५ मे १९०१ रोजी लाहोर येथे विष्णू दिगंबरांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजाश्रयावर न विसंबता लोकांच्या देणग्यांवर आणि जलशांच्या उत्पन्नावर चालणारी ही संस्था होती. वर्ग, वेळापत्रक, परीक्षा, स्वरलेखनाची पुस्तके अशी तिची रचना होती. कुरुंदवाडचा माणूस लाहोरला शाळा काढतो, हे आगगाडीमुळे शक्य झाले. १९१२ पासून मुंबईहून पेशावरकडे धावणारी पंजाब मेल नाशिकरोड, मनमाड, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली करीत लाहोरला पोहोचत असे. आधीच्या पिढीने जी वाट पायांखाली घातली, ती आता वेळापत्रकात छापली गेली होती.

९/
ह्या विद्यालयातून निघालेल्या शिष्यांची नावे पाहिली तरी कामाचा आवाका कळतो : विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर, बा. र. देवधर. त्यांतील अनेकांनी गावोगावी जाऊन संगीत शिकवले. १९०८ साली मुंबईची शाखा निघाली. पुढे इमारत उभी राहिली, तिच्यासाठी कर्ज झाले आणि त्या कर्जापायीच वास्तू हातची गेली. विष्णू दिगंबर नाशिकला आले. पंचवटीतील रामनाम आधाराश्रम हे त्यांच्या उत्तरायुष्याचे ठिकाण ठरले.

१०/
दत्तात्रेय १९२१ सालचे. विष्णू दिगंबरांची इतर अपत्ये लहानपणीच गेली होती, जगलेला हा एकटाच. आश्रमात रामायण, रामधून आणि भजन ह्यांचा अखंड वावर होता. भजन म्हणजे पुष्कळांनी एकत्र, पुष्कळांसाठी गायचे गाणे. पुढे बापूरावांची जी भजने घराघरांत पोहोचली, त्यांचे मूळ ह्या गोदाकाठच्या बालपणात आहे. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला विष्णू दिगंबरांचे निधन झाले, तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता.

११/
वडिलांकडून पूर्ण तालीम मिळण्याआधीच वडील गेले. मग शिष्यांनी गुरुपुत्राला सांभाळले. चुलतबंधू चिंतामणराव पलुसकर, पुण्यात गांधर्व महाविद्यालय चालवणारे विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास ह्यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. एका माणसाने आयुष्यभर संस्था बांधली, ती वास्तू कर्जात गेली, पण तिने घडवलेली माणसे उरली आणि त्यांनी त्याच्या मुलाला गाणे परत केले. गुरुऋण फेडण्याचे इतके सरळ उदाहरण क्वचितच सापडते.

१२/
वयाच्या चौदाव्या वर्षी बापूराव जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात गायले. १८७५ पासून चालत आलेला हा मेळा देवी तलावाच्या काठी डिसेंबर-अखेरीस, पंजाबच्या कडाक्याच्या थंडीत भरतो. विष्णू दिगंबरांचा ह्या मेळ्याशी जुना ऋणानुबंध होता. महाराष्ट्रातल्या मुलाच्या दृष्टीने हाही परमुलखाचाच दौरा होता. भाषा वेगळी, हवा वेगळी, समोर उस्तादांची रांग आणि मागे वडिलांच्या नावाचे ओझे. तेथे मिळालेली पसंती ही त्यांच्या कारकिर्दीची नांदी ठरली.

१३/
ह्या परंपरेतील गवयांनी समुद्र त्याआधीच ओलांडला होता. १९३३ साली ओंकारनाथ ठाकूर आणि बा. र. देवधर इटलीत फ्लॉरेन्स येथील आंतरराष्ट्रीय संगीत परिषदेला गेले. तेव्हा मुंबईहून युरोपला जायचे म्हणजे आगबोटीवर सुमारे दोन आठवडे काढायचे. ओंकारनाथांनी युरोपात मैफली केल्या. त्याच वर्षी पत्नी इंदिरादेवींच्या निधनाची वार्ता त्यांना परदेशी कळली आणि ते दौरा आवरून परतले. घर आणि रंगमंच ह्यांच्यामध्ये आठवड्यांचे अंतर असणे म्हणजे काय, ते ह्या एका घटनेतून समजते.

१४/
बापूरावांच्या पिढीला दुसरे एक वाहन मिळाले होते. आवाज माणसाच्या आधी प्रवास करू लागला होता. आकाशवाणीने तो देशभर नेला आणि १९४४ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. ७८ फेऱ्यांच्या त्या तबकडीवर एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मिळत. तेवढ्या अवधीत रागाचे रूप, बंदिशीचा आकार, आलाप आणि ताना सारे बसवायचे. गौड सारंग, तिलक कामोद, श्री अशा रागांच्या त्यांच्या छोट्या ध्वनिमुद्रिका आजही अभ्यासक पुन्हापुन्हा ऐकतात, कारण तीन मिनिटांतही राग अपुरा वाटत नाही.

१५/
१९५२ साली ‘बैजू बावरा’ चित्रपट आला. नौशाद ह्यांच्या संगीतात तानसेन आणि बैजू ह्यांची जुगलबंदी आहे. तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ गायले, बैजूसाठी बापूराव. कथेत विजय बैजूचा होतो. ज्यांनी आयुष्यात कधी मैफल ऐकली नव्हती, अशा लाखो लोकांनी चित्रपटगृहाच्या अंधारात ख्यालगायकांचा आवाज ऐकला. वडिलांनी तिकिटाच्या खिडकीपर्यंत आणलेले गाणे मुलाने त्या खिडकीच्या सर्वांत लांब रांगेपर्यंत पोहोचवले.

१६/
दरम्यान देश स्वतंत्र झाला आणि संस्थाने विलीन झाली. संस्थानी दरबार संपले, तेव्हा कलावंतांचा नवा यजमान म्हणून शासन पुढे आले. १९५० साली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद आणि १९५३ साली संगीत नाटक अकादमी कार्यरत झाली. माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर ह्यांच्या काळात, १९५२ पासून, आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. कलावंतांना परदेशी पाठवणे हेही आता परराष्ट्रनीतीचे अंग बनले.

१७/
चीनशी संबंध हा त्या नीतीचा गाभा होता. २९ एप्रिल १९५४ रोजी पंचशील करार झाला. जूनमध्ये चौ एन-लाय दिल्लीला आले, ऑक्टोबरमध्ये नेहरू चीनला गेले. एप्रिल १९५५ मध्ये इंडोनेशियातील बांडुंग येथे आशियाई-आफ्रिकी राष्ट्रांची परिषद भरली. ‘हिंदी-चिनी भाई-भाई’ ही घोषणा सभांमधून दुमदुमत होती. राजकारण्यांच्या भेटींपाठोपाठ नर्तक, वादक आणि गायक ह्यांची जा-ये सुरू झाली.

१८/
महाराष्ट्रातील गायकांचा ह्या देवाणघेवाणीत ठळक वाटा होता. हिराबाई बडोदेकर १९४९ साली पूर्व आफ्रिकेचा दौरा करून आल्या होत्या. १९५३ साली त्या भारतीय शिष्टमंडळातून चीनला गेल्या. बापूरावांचे गुरू विनायकराव पटवर्धन हेही सांस्कृतिक शिष्टमंडळातून सोव्हिएत रशियाला जाऊन आले. म्हणजे १९५५ साली शिष्याची पाळी आली, तेव्हा परदेशगमनाची वाट घराण्याला नवी राहिली नव्हती. समुद्रपर्यटनाबद्दल प्रायश्चित्ताची भाषा करणारा काळ मागे पडला होता.

१९/
१९५५ च्या उन्हाळ्यात भारताचे मोठे सांस्कृतिक शिष्टमंडळ चीनला गेले. नेतृत्व परराष्ट्र उपमंत्री अनिलकुमार चंदा ह्यांच्याकडे होते. हे गृहस्थ पूर्वी रवींद्रनाथ ठाकुरांचे सचिव होते. रवींद्रनाथांनी १९२४ साली स्वतः चीनचा प्रवास केला होता आणि शांतिनिकेतनात १९३७ साली चीनभवन उभारले होते. त्यामुळे ह्या दौऱ्याच्या मागे करारांपेक्षा जुनी अशी एक सांस्कृतिक ओढही होती. बापूराव पलुसकर ह्या शिष्टमंडळाचे सदस्य होते.

२०/
त्या वर्षी ह्या दिशेने प्रवास करणे म्हणजे काय होते, हे एका घटनेवरून कळते. ११ एप्रिल १९५५ रोजी एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे विमान हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघाले. ते मुंबईहून बँकॉकमार्गे हाँगकाँगला आले होते आणि बांडुंग परिषदेसाठी चिनी प्रतिनिधी मंडळाने ते भाड्याने घेतले होते. विमानात दडवलेल्या टाइमबॉम्बचा स्फोट होऊन ते समुद्रात कोसळले. १९ पैकी १६ जण मृत्युमुखी पडले. कॅप्टन दामोदर जठार ह्यांनी पेटलेले विमान पाण्यापर्यंत आणले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. वाचलेल्या तिघांत अभियंता अनंत कर्णिक होते.

२१/
लक्ष्य चौ एन-लाय होते, असे मानले जाते. ते त्या विमानात नव्हते. ह्या घटनेनंतर काही आठवड्यांतच भारतातील कलावंत चीनला निघाले. ‘मैत्रीचा दौरा’ हा शब्द आज गुळमुळीत वाटतो, परंतु त्या उन्हाळ्यात पूर्वेकडे जाणाऱ्यांच्या घरी काळजीला सबळ कारण होते.

२२/
तेव्हाची विमाने चार पंखेवाली होती. कॉन्स्टेलेशन जातीचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाई. मुंबई ते हाँगकाँग हे अंतर चार हजार किलोमीटरहून अधिक. हातात पारपत्राबरोबर देवी आणि पटकीच्या लसींचे प्रमाणपत्र असावे लागे. यंत्रांची घरघर तासन्‌तास कानांवर आदळत राही. ज्याचे सारे आयुष्य तंबोऱ्याच्या सूक्ष्म नादावर कान ठेवून गेले, त्याच्यासाठी ही घरघर केवळ गैरसोय नसते. उतरल्यावरही ती बराच वेळ कानात राहते.

२३/
हाँगकाँगच्या वाटेने चीनमध्ये शिरणाऱ्या प्रवाशाला लो वू येथील पुलावर उतरावे लागे. १९४९ नंतर सरहद्दीपलीकडे थेट गाडी जात नव्हती. सामान घेऊन पूल चालत ओलांडायचा, पलीकडे शेनझेन येथे दुसरी गाडी पकडायची, कँटनला पोहोचायचे आणि तेथून उत्तरेला पेकिंगचा लांबचा पल्ला गाठायचा. वूहान येथे यांगत्से नदीवरचा पूल १९५७ साली झाला. त्याआधी नदी नावेने पार करणे भाग होते. विमानाच्या युगातही चीनची वाट शेवटी पायांवर, रुळांवर आणि पाण्यावर येत होती.

२४/
अशा प्रवासाने गळ्याचे काय होते? उंचावरच्या विमानातील हवा अतिशय कोरडी असते. स्वरतंतूंना ओलावा लागतो, तो कमी झाला की आवाज जड होतो, वरचा षड्ज लावताना ताण जाणवतो. पेकिंगचे घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे. भूक, झोप आणि रियाझ ह्यांची वेळ सरकते. सतारीची तार तुटली तर दुसरी लावता येते. गायकाला सुटी तार मिळत नाही. म्हणून जुने गवई प्रवासात बोलणे कमी करत, थंड पाणी टाळत, गळ्याला मफलर गुंडाळत. त्यात अंधश्रद्धा नव्हती, अनुभव होता.

२५/
तंबोऱ्याचा प्रवास हे वेगळेच प्रकरण आहे. मिरजेचा तंबोरा म्हणजे पोकळ भोपळ्यावर पातळ लाकडाची तबली. एक ठोकर बसली की भोपळ्याला चीर जाते. दमट हवेत लाकूड फुगते, कोरड्या हवेत आकसते, जव्हारी बिघडते. तबल्याच्या पुडीचेही तेच. सामानाच्या पेटीत दोन कपडे कमी घेता येतात, तंबोरा मात्र सोडता येत नाही. परमुलखात यजमान सर्व काही पुरवू शकतो, पण मिरजेच्या कारागिराने लावलेली जव्हारी पुरवू शकत नाही.

२६/
शिष्टमंडळाच्या कार्यक्रमाची रचना मैफलीसारखी नसते. नृत्य, वाद्य, लोकगीत, शास्त्रीय गायन असे अनेक प्रकार एका संध्याकाळी सादर करायचे, तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडकी मिनिटे येतात. नृत्याला वेशभूषा असते, हालचाल असते, ते भाषेवाचून पोहोचते. वाद्याला भाषेची गरजच नसते. गायक एका जागी बसून, परक्या भाषेतील शब्द घेऊन, सावकाश राग उलगडणार. परदेशी व्यासपीठावर सर्वांत अवघड जागा त्याचीच असते.

२७/
त्यात रागांच्या वेळेचा प्रश्न आहे. कार्यक्रम संध्याकाळचे असले की सकाळच्या रागांना जागाच उरत नाही. तोडी, ललत, आसावरी मागे राहतात आणि सायंकाळचे मोजके राग पुन्हापुन्हा गावे लागतात. समोरच्या श्रोत्याला हे बंधन ठाऊक नसते. ते पाळायचे ते गायकाने, स्वतःच्या मनाशी. परंपरा परमुलखात टिकते ती अशा कोणाला न दिसणाऱ्या निष्ठेवर.

२८/
अशा जागेसाठी बापूरावांसारखा गायक नेमका होता. ग्वाल्हेर गायकीत बंदिशीला मान असतो आणि मांडणी सुस्पष्ट असते. स्थायी, अंतरा, आलाप, बोल, ताना असा क्रम ऐकणाऱ्याला हाताला धरून नेतो. त्यांचा आवाज स्वच्छ, गोड आणि तिन्ही सप्तकांत सहज फिरणारा. तबकडीने त्यांना तीन मिनिटांत राग सांगायला शिकवले होते, आकाशवाणीने घड्याळ शिकवले होते, चित्रपटाने अनोळखी श्रोता दाखवला होता. आणि भजनाने, अर्थ न कळताही माणूस स्वराला मान डोलावतो, हे नाशिकच्या आश्रमातच शिकवले होते.

२९/
ह्याच १९५५ साली, एप्रिलमध्ये, उस्ताद अली अकबर खाँ यहुदी मेन्युहिन ह्यांच्या निमंत्रणावरून न्यूयॉर्कला सरोद वाजवून आले. तेथून भारतीय वाद्यसंगीताचा पश्चिमेतील मोठा प्रवास सुरू झाला. वाद्यांना वाट मिळाली, गायनाला ती उशिरा मिळाली. बापूरावांसारखा तरुण, नेमका आणि आकर्षक गायक आणखी वीस-तीस वर्षे जगता, तर ही दरी किती लवकर भरून निघाली असती, ह्याची कल्पना त्यांची ध्वनिमुद्रणे ऐकणारा कोणीही करू शकतो.

३०/
ते घडायचे नव्हते. चीनहून परतल्यावर त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-अखेरीस, दसऱ्याच्या सुमारास, मेंदूज्वराने मुंबईत त्यांचे निधन झाले. विष्णू दिगंबरांचा जगलेला एकुलता मुलगा वयाच्या ३४ व्या वर्षी गेला. गायकाच्या आयुष्यात हे वय ऐन उमेदीचे. ख्यालगायक चाळिशीनंतर पिकतो, असे मैफलीतले जाणकार म्हणतात. पहिल्या परदेश दौऱ्याने कलावंताला जे मिळते, ते पुढच्या दहा वर्षांच्या गाण्यात उमटते. बापूरावांना ती दहा वर्षे मिळाली नाहीत.

३१/
त्याच ऑक्टोबरात चीनमध्ये भारतीय चित्रपट सप्ताह झाला. राज कपूर ह्यांचा ‘आवारा’ तेथे दाखवला गेला आणि त्यातील गाणी चिनी माणसाच्या ओठांवर बसली, ती पुढे अनेक दशके टिकली. भारतीय गाण्याची चीनमधील ओळख अशा रीतीने चित्रपटातून पक्की झाली. ख्याल गाऊन आलेल्या गवयाच्या भेटीची आठवण तेथे तशी रुजली नाही.

३२/
मग १९६२ आले. युद्धाने ‘भाई-भाई’ची घोषणा कडवट करून टाकली. ज्या मैत्रीच्या नावाने ते दौरे झाले, तिचा उल्लेखही नकोसा झाला. राजकारणाने पाठवलेल्या कलावंताला ही जोखीम नेहमीच पत्करावी लागते. करार मोडला की त्याच्या गाण्याची आठवणही कराराबरोबर गुंडाळून ठेवली जाते. वास्तविक गवयाने पंचशीलाचे कलम गायले नव्हते. त्याने राग गायला होता, आणि रागाला सरहद्दीचा वाद नसतो.

३३/
१९६० साली एअर इंडियाच्या ताफ्यात बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि अंतरे आक्रसली. मराठी मुलखातले गायक पुढे अमेरिका, युरोप, आखात असे फिरू लागले. भीमसेन जोशी विमानाने इतके हिंडले, की पु. ल. देशपांडे त्यांना ‘हवाई गंधर्व’ म्हणत. १९७४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लता मंगेशकर गायल्या. परदेशस्थ मराठी मंडळांनी मैफली भरवायला सुरुवात केल्यावर तर श्रोताही ओळखीचा मिळू लागला. १९५५ च्या गायकाला ती सोय नव्हती.

३४/
आजच्या तरुण गायकाचा पहिला परदेश दौरा ठरतो, तेव्हा व्हिसा, सामानाचे वजन, घड्याळाचा फरक आणि गळ्याची काळजी हीच यादी त्याच्यापुढे येते. घरच्यांशी मात्र तो रोज बोलू शकतो. इलेक्ट्रॉनिक तंबोरा खिशात मावतो. परंतु परक्या सभागृहात पडदा वर गेल्यावर पहिला षड्ज लावण्याचा क्षण बदललेला नाही. त्या क्षणी उपयोगी पडते ती वर्षानुवर्षांची तालीम, आणि ती तालीम कोणीतरी, कधीतरी, दूरच्या गावाहून चालत आणलेली असते.

३५/
म्हणून बापूराव पलुसकरांचा चीन दौरा एका ओळीत संपवू नये. बाळकृष्णबुवांची पायपीट, विष्णू दिगंबरांनी उभी केलेली आणि कर्जात गमावलेली वास्तू, गुरुपुत्राला शिकवणारे शिष्य, नाशिकच्या आश्रमातली रामधून, जालंधरची थंडी, तीन मिनिटांच्या तबकड्या : एवढे सगळे त्या शिष्टमंडळाबरोबर चीनला गेले होते. दौऱ्याचे फळ काळाने हिरावून नेले. दौऱ्यामागची कमाई मात्र ध्वनिमुद्रिकांत शाबूत आहे. तिलक कामोदाची त्यांची तबकडी आजही तीन मिनिटांतच संपते, आणि ऐकणारा ती पुन्हा लावतो.